पहिलाच सामना ऑप्शनशी! चाहत्यांच्या पोटात गोळा का येतो?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस किंवा लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या आसपास सुरू होतो. मोठे संघ पहिला सामना शक्यतो सोपा ठेवतात. घरचं मैदान, दुबळा पाहुणा, चाळीस-पन्नास गुण आणि दुसऱ्या हाफमध्ये राखीव पोरांना संधी. पण त्या जागी वेळापत्रकात नेव्ही, आर्मी किंवा एअर फोर्सचं नाव दिसलं की चाहते गप्प होतात. हे तिन्ही अमेरिकी सैन्यदलांच्या अकादमींचे संघ. त्यांचे खेळाडू तुलनेनं हलके असतात आणि त्यांतला एखादाच पुढे व्यावसायिक लीगमध्ये जातो. भीती त्यांच्या खेळण्याच्या पद्धतीची असते, आणि तिचं नाव ट्रिपल ऑप्शन.

जॉर्जिया, टेक्सास, ओहायोसारख्या राज्यांत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना असा सामना पहिल्यांदा बघताना चेंडू कुणाकडे आहे हेच कळत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. टीव्हीचा कॅमेराही बऱ्याचदा भलत्याच खेळाडूच्या मागे धावतो.

नियमांचं जेवढं लागतं तेवढंच आधी पाहू. मैदान १०० यार्डांचं. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्न मिळतात आणि तेवढ्यात १० यार्ड, म्हणजे नऊ मीटरच्या थोडं वर, पुढे सरकावं लागतं. प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. १० यार्ड पुरे झाले की नवे चार डाउन. बहुतेक संघ तीन डाउन खेळतात आणि चौथ्याला चेंडू लाथेनं लांब पाठवून देतात, त्यामुळे त्यांना दर डाउनला ३.३ यार्ड लागतात. ऑप्शनवाले चौथा डाउनही हक्काचा धरतात, म्हणजे हिशेब अडीच यार्डांवर येतो. सहा फुटी माणूस हात पुढे करून पालथा पडला तरी साधारण तेवढं अंतर भरतं.

आता रचना. आज ऑप्शनशी सर्वांत जास्त जोडली जाते ती फ्लेक्सबोन. पुढे पाच लाइनमन, म्हणजे समोरच्यांना अडवणारे, एकमेकांत साधारण तीन फुटांचं अंतर ठेवून, म्हणजे नेहमीपेक्षा ऐसपैस. मधल्या लाइनमनच्या पाठीशी चिकटून क्वार्टरबॅक, चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा. त्याच्या मागे चार-पाच यार्डांवर फुलबॅक, अंगानं दणकट. लाइनच्या दोन्ही टोकांबाहेर, थोडं मागे, एकेक स्लॉटबॅक, लहानखुरे आणि चपळ. अगदी कडेला पास झेलणारे दोन रिसीव्हर. झाले अकरा. रचना दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे चाल डावीकडे जाणार की उजवीकडे हे नुसतं उभं राहण्यावरून ओळखता येत नाही. चेंडू सुटण्याच्या क्षणभर आधी एक स्लॉटबॅक मागून पळत निघतो, तोच काय तो इशारा. आणि तोही कधी कधी खोटा असतो.

उजवीकडची एक चाल सावकाश बघू. चेंडू सुटतो. क्वार्टरबॅक वळून चेंडू फुलबॅकच्या पोटाशी नेतो. फुलबॅक त्याच्याकडे बघत नाही, दोन्ही हातांचं कवाड करून सरळ फटीकडे धावत असतो. एका पावलापुरता चेंडूवर दोघांचेही हात असतात. या क्षणाला मेश म्हणतात आणि सगळा खेळ इथे आहे. क्वार्टरबॅकची नजर चेंडूवर नसते. ती असते समोरच्या एका बचावपटूवर, बहुधा लाइनच्या टोकाला उभ्या असलेल्या डिफेन्सिव्ह एंडवर. या माणसाला मुद्दाम कुणीही अडवलेलं नाही. तो बाहेर थांबला किंवा क्वार्टरबॅककडे आला, तर चेंडू फुलबॅकच्या पोटातच सोडायचा. तो फुलबॅकवर झडप घालायला आत वळला, तर चेंडू ओढून घ्यायचा. बहुतेक कोच शिकवतात ते असं की द्यायचाच, जोपर्यंत समोरचा ‘देऊ नको’ म्हणत नाही.

चेंडू ओढून घेतला की क्वार्टरबॅक बाहेरच्या बाजूला पळतो. तिथे दुसरा मोकळा सोडलेला माणूस असतो, आउटसाइड लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला) किंवा सेफ्टी (सर्वांत मागचा). क्वार्टरबॅक त्याच्या आतल्या खांद्याच्या रोखानं धावतो. तो अंगावर आला तर चेंडू शेजारी चार-पाच यार्डांवर, किंचित मागे धावणाऱ्या स्लॉटबॅककडे टाकायचा, यालाच पिच म्हणतात. तो स्लॉटबॅकच्या दिशेनं बाहेर गेला तर चेंडू स्वतःकडे ठेवून आतून वर घुसायचं. फुलबॅक, क्वार्टरबॅक, स्लॉटबॅक हे तीन पर्याय, म्हणून ट्रिपल. दोन-तीन सेकंदांत दोन निर्णय, आणि दोन्ही निर्णय खरं तर बचाव करणाराच घेतो. क्वार्टरबॅक फक्त त्याच्या उलट वागतो.

पण दोन माणसांना मुद्दाम मोकळं सोडण्यात फायदा काय? यामागे साधी वजाबाकी आहे. नेहमीच्या धावेत क्वार्टरबॅक चेंडू देऊन बाजूला होतो आणि चेंडूवाला कुणाला अडवू शकत नाही. उरले नऊ अडवणारे, समोर अकरा. म्हणजे बचावाचे दोघे मोकळे. ऑप्शनमध्ये चेंडूचे तीन दावेदार वजा केले तर अडवणारे आठच उरतात, पण समोरचे दोघेही नजरेनंच बाद झालेले असतात. आठ विरुद्ध नऊ. एका माणसाचा फरक मिटला, आणि तो मिटवायला कुणी ताकदवान लागला नाही. शिवाय जे दोघे अडवायचेच नाहीत ते समोरच्या संघातले सर्वांत तगडे निवडता येतात. तीनशे पौंडी लाइनमन गोळा करू न शकणाऱ्या सैनिकी अकादमींना ही पद्धत का भावली, याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

पद्धत जुनी आहे. १९६० च्या दशकात ह्यूस्टन विद्यापीठात बिल योमन यांनी व्हीर नावाची चाल रुळवली. १९६८ मध्ये टेक्सास विद्यापीठात एमोरी बेलार्ड यांनी विशबोन रचना आणली. पहिला सामना बरोबरीत, दुसरा हार, आणि मग टेक्साससारख्या बलाढ्य संघानं ओळीनं ३० सामने जिंकले. १९७१ मध्ये ओक्लाहोमानं विशबोनवर सामन्यामागे सरासरी ४७२.४ यार्ड नुसतं धावून काढले. पुढे पॉल जॉन्सन यांनी फ्लेक्सबोन जॉर्जिया सदर्न, नेव्ही आणि २००८ ते २०१८ या काळात जॉर्जिया टेकमध्ये चालवली. व्यावसायिक लीगमध्ये ही पद्धत टिकत नाही, कारण क्वार्टरबॅकला दर दोन-तीन चालींमागे एक दणका बसतो आणि तिथे एवढा महागडा माणूस कुणी असा वापरत नाही. कॉलेजात मात्र ती संपली म्हणणाऱ्यांना २०२४ च्या आर्मीकडे बघावं लागतं. त्या हंगामात १२ विजय आणि कॉन्फरन्सचं, म्हणजे आपल्या गटातल्या संघांच्या स्पर्धेचं, विजेतेपद, तेही तिथल्या पहिल्याच वर्षी.

चाहत्यांचं खरं दुखणं मात्र घड्याळ आहे. मैदानातच अडवलेल्या धावेनंतर घड्याळ थांबत नाही. चार-चार यार्डांनी सरकणारा संघ एका फेरीत, म्हणजे चेंडू हाती आल्यापासून तो जाईपर्यंत, आठ-नऊ मिनिटं खाऊ शकतो. २०२३ पासून पहिला डाउन मिळाल्यावरही घड्याळ चालूच राहतं, अपवाद फक्त प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांचा. फेऱ्या कमी झाल्या की बलाढ्य संघाला आपलं बळ दाखवायला वेळच उरत नाही, आणि एखादी चूक दुप्पट महाग पडते. सप्टेंबर २०१८ मध्ये ओक्लाहोमाकडे कायलर मरे होता, त्याच वर्षी हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळवणारा क्वार्टरबॅक. आर्मीनं त्याला चेंडूच मिळू दिला नाही. ६० मिनिटांपैकी ४४ मिनिटं ४१ सेकंद चेंडू आर्मीकडे. ओक्लाहोमा २८-२१ नं जिंकलं खरं, पण जादा वेळेत. आपला संघ श्रेष्ठ आहे हे माहीत असूनही तो मैदानाबाहेर बाकावर बसलेला बघायचा, हा छळ ज्यानं भोगलाय त्यालाच कळेल.

बचाव कसा करायचा? तिथे एकच शब्द सतत ऐकू येतो: असाइनमेंट, म्हणजे ज्याचं त्याचं नेमून दिलेलं काम. एकानं फुलबॅक धरायचा, एकानं क्वार्टरबॅक, एकानं पिच घेणारा. चेंडू कुठेही असो. फुलबॅकचं काम ज्याच्याकडे आहे त्यानं फुलबॅकच्या हातात चेंडू नसला तरी त्याला आडवं पाडायचं. ऐकायला सोपं, पण वर्षानुवर्षं ‘चेंडूकडे धाव’ हेच शिकलेल्या पोराला हे अंगवळणी पडत नाही. कबड्डीत कोपऱ्यातला एकटाच घोट्याला झेपावला की साखळी तुटते आणि चढाईवाला नेमका तिथूनच निसटतो, तसंच हे. गंमत म्हणजे सर्वांत उत्साही खेळाडूच इथे सर्वांत घातक ठरतो.

नुसतं काम वाटून दिलं की भागतं असंही नाही. तेच वाटप दर वेळी ठेवलं तर समोरचा कोच दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ते वाचतो. म्हणून बचाव खोटी उत्तरं देतो. एंड आत वळून फुलबॅकवर जातो, क्वार्टरबॅकला वाटतं बाहेर मोकळं आहे, आणि तेवढ्यात मागून लाइनबॅकर वळसा घालून नेमका तिथे पोचलेला असतो. दुसरी युक्ती वेळ काढण्याची. बाहेरचा माणूस ना क्वार्टरबॅकवर जातो ना पिचवर, तो आडव्या पावलांनी मागे सरकत राहतो, की बाकीचे धावत येऊन पोचावेत. नवखा क्वार्टरबॅक इथे गोंधळतो आणि उशिरा, वेडावाकडा पिच टाकतो. पिच म्हणजे मागे टाकलेला चेंडू. तो खाली पडला तर चाल संपत नाही, जो उचलेल त्याचा चेंडू.

आणि पाय सांभाळायचे. ऑप्शनचे हलके लाइनमन समोरच्याच्या मांड्या-गुडघ्यांवर झेप घेऊन त्याला खाली पाडतात, याला कट ब्लॉक म्हणतात. २०२२ च्या नियमबदलानं कमरेखालचा ब्लॉक फक्त लाइनच्या जवळच्या चौकटीत, तोही लाइनमन आणि जागेवर उभ्या असलेल्या बॅकपुरता राखला. बाहेर कडेला स्लॉटबॅकनं कॉर्नरबॅकचे, म्हणजे कडेच्या बचावपटूचे, पाय काढणं बंद झालं, आणि पिचची धार त्यामुळे काहीशी बोथट झाली. आत मात्र गुडघ्यांची काळजी तशीच आहे. आपला तारांकित टॅकल, म्हणजे बचावाच्या पुढच्या लाइनमधला खेळाडू, पहिल्याच सामन्यात जायबंदी होईल ही भीती चाहते बोलून दाखवत नाहीत, पण मनात असते.

आता मूळ वाद. ऑप्शन संघ पहिल्या सामन्यात यावा की मध्येच? ‘पहिलाच बरा’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा वेळेचा आहे, आणि तो रास्त आहे. हंगाम सुरू झाल्यावर आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, आणि खरा सराव मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन दिवसांत अकरा जणांची सवय बदलत नाही. हंगामापूर्वीच्या शिबिरात मात्र २५ सराव मिळतात. त्यांतले पाच-सहा ऑप्शनसाठी राखले तरी मेंदूत काहीतरी मुरतं.

या सरावाच्या तऱ्हा बघण्यासारख्या असतात. एक म्हणजे चेंडूशिवायचा सराव. समोरचे आक्रमणवाले तिन्ही पर्याय एकाच वेळी पळतात, कुणाच्याच हातात चेंडू नसतो, आणि प्रत्येक बचावपटूनं आपापला माणूस गाठायचा. चेंडूच नसल्यावर त्याकडे बघण्याचा मोह कुठून होणार! दुसरी म्हणजे व्यायामशाळेतले मोठे फुगीर रबरी गोळे लाइनबॅकरच्या पायांवर घरंगळत सोडायचे आणि त्यानं ते दोन्ही तळव्यांनी दाबून, पाय मागे घेत, पुढे सरकायचं. कट ब्लॉकला उत्तर हेच: हात खाली, पाय मागे, नजर वर.

तरीही एक गोष्ट कुठल्याच सरावात जमत नाही, ती म्हणजे वेग. नकली ऑप्शन चालवायला राखीव संघातला एखादा पोरगा क्वार्टरबॅक म्हणून उभा केला जातो. शाळेत ऑप्शन खेळलेला असला तर नशीब. पण समोरचा संघ हेच काम वर्षभर, रोज करत असतो. सरावात चार पावलांत जे घडतं ते सामन्यात अडीच पावलांत घडतं. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत बचाव गांगरलेला दिसतो. त्यावरून लगेच कोचला शिव्या घालू नयेत. तिसऱ्या-चौथ्या फेरीतही तसंच चाललं तर मात्र घालायला हरकत नाही.

‘पहिला नकोच’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा वेगळा. पहिल्या सामन्याला समोरच्याचा त्या वर्षीचा व्हिडिओच नसतो. ऑप्शनमध्ये सगळं एका क्वार्टरबॅकच्या पायांवर आणि नजरेवर अवलंबून. तो नवा असेल तर तयारी कुणाची करायची? ४ सप्टेंबर २०१७ ला, लेबर डेच्या रात्री, अटलांटाच्या नव्या कोऱ्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये टेनेसी विद्यापीठाला याचा अनुभव आला. समोर पॉल जॉन्सन यांचं जॉर्जिया टेक. टेकनं आपला गेल्या वर्षीचा मुख्य बॅक हंगामापूर्वीच संघाबाहेर काढला होता आणि क्वार्टरबॅक टाक्वॉन मार्शल पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. टेनेसीकडे तयारीला अख्खा ऑगस्ट होता. मार्शलनं एकट्यानं २४९ यार्ड धावून पाच टचडाउन केले, म्हणजे पाचदा चेंडू गोलरेषेपार नेला. फुलबॅकच्या जागी आलेल्या किरव्हॉन्टे बेन्सननं १२४ यार्ड काढले. संघाच्या धावा ५३५ यार्ड.

एवढं होऊनही टेनेसी जिंकलं, आणि ऑप्शनच्या विरोधात सामने बहुधा याच रीतीनं हाती लागतात. दर डाउनला अडवता येत नसेल तर दोन-तीन क्षण हिसकावायचे. चौथ्या क्वार्टरमध्ये टेनेसीच्या रशान गॉल्डननं धावत्या बॅकच्या हातून चेंडू उडवला आणि टेकची जवळजवळ जिंकलेली फेरी संपली. निर्धारित वेळेच्या शेवटी टेकची फील्ड गोल किक, म्हणजे चेंडू खांबांमधून लाथेनं मारून गुण घेण्याचा प्रयत्न, टेनेसीनं हातानं रोखली. दुसऱ्या जादा डावात टचडाउन करूनही टेक ४२-४१ नं मागे होतं आणि त्यानंतरच्या जादा गुणाची संधी हाती होती. किक मारून एक गुण घेतला तर बरोबरी, तीन यार्डांवरून चाल करून दोन मिळवले तर विजय. जॉन्सन यांनी दोनची चाल निवडली. आयुष्यभर अडीच-तीन यार्डांवर विश्वास ठेवलेल्या माणसानं दुसरं काय करायचं? मार्शल चेंडू घेऊन धावला आणि गोलरेषेच्या अलीकडेच अडवला गेला.

पहिल्या सामन्याची तलवार ऑप्शन संघालाही कापते. मेश हा दोन माणसांच्या हातांचा विषय आहे, तो रोज खऱ्या धक्क्यांत घोटावा लागतो. सप्टेंबर २०२० मध्ये नेव्हीनं ॲनापोलिसला बीवाययू, म्हणजे ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्ध हंगाम सुरू केला. कोविडच्या काळजीपोटी शिबिरात खरीखुरी आडवाआडवी टाळली होती. निकाल ५५-३, आणि तो निर्णय चुकल्याचं कोच केन नियुमाटालोलो यांनी नंतर मान्य केलं. डब्लिनमध्ये हंगामाच्या सुरुवातीला नोत्र दाम विद्यापीठानंही नेव्हीला दोनदा असंच धुतलं, २०१२ मध्ये ५०-१० आणि २०२३ मध्ये ४२-३. उलट २००९ च्या सलामीला त्याच नेव्हीनं कोलंबसमध्ये ओहायो स्टेटला ३१-२७ पर्यंत रडवलं होतं. शेवटच्या मिनिटांत २९-२७ असताना बरोबरीसाठीचा दोन गुणांचा पास ओहायो स्टेटच्या ब्रायन रोलनं मधल्यामध्ये पकडला, पार दुसऱ्या टोकापर्यंत नेला आणि उलट दोन गुण मिळवले. आकड्यांत हे दोन्ही टोकांचे निकाल एकाच पद्धतीचे आहेत.

आमचं मत विचाराल तर पहिला सामना परवडला, पण एका अटीवर: कोचनं वसंतातल्या सरावापासूनच थोडं थोडं ऑप्शन शिकवलेलं असावं. सगळं ऑगस्टमध्ये कोंबलं तर दुसऱ्या आठवड्यात पास फेकणारा संघ आल्यावर बचाव दुसरीकडून फाटतो.

सामना बघताना चेंडू शोधू नका. पहिल्या फेरीत फक्त फुलबॅककडे बघा. त्याला दर वेळी चार-पाच यार्ड सरळ मधून मिळत असतील तर बाकी सगळं पुढे उघडणारच आहे, कारण मधली गळती बुजवायला बाहेरचे आत ओढले जातात. मधे दोन यार्डांच्या वर काही मिळत नसेल तर तुमचा डिफेन्सिव्ह टॅकल काम करतोय आणि थोडं सैल बसायला हरकत नाही. दुसऱ्या फेरीत क्वार्टरबॅकनं चेंडू ओढल्यावर त्याला पहिला भिडणारा कोण आहे ते बघा. कुणीच न भिडता तो आठ यार्ड गेला तर कुणीतरी आपलं काम सोडून चेंडूकडे पळालंय. पुन्हा दाखवतात तेव्हा तो सापडतो.

आणि दुसरा हाफ सुरू झाला की सेफ्टीच्या पायांकडे लक्ष ठेवा. तासभर धाव अडवून अडवून तो अधीर झालेला असतो, चेंडू सुटताच पुढे पावलं टाकू लागतो. समोरचा कोच वरच्या खोलीतून नेमकं तेवढंच मोजत बसलेला असतो. सेफ्टी पाच-सहा यार्ड पुढे सरकला की फुलबॅकच्या पोटाशी चेंडू दाखवून क्वार्टरबॅक थांबतो, आणि अख्खा सामना नुसता ब्लॉक करत आलेला कडेचा रिसीव्हर एकटाच त्याच्या मागून निघून गेलेला असतो.